बेंगाल मांजराचे ठिपके नेमके कुठले?

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात मांजर विकत आणायची पद्धत नाही. शेजारच्या माळ्यावर मांजर व्यायली की त्यातलं एखादं पिल्लू आपल्याकडे येतं, नाहीतर धान्याच्या पोत्यांमागच्या उंदरांच्या वासानं एखादं मांजर आपणहून घर धरतं. राखी पट्ट्यांची, पिवळी, काळी, काबरी, सगळ्या रंगांची मांजरं इथे दिसतात. पुण्या-मुंबईत मात्र अलीकडे बेंगाल हे नाव बरंच ऐकू येतं. बिबट्याची आठवण व्हावी असे अंगावर ठिपके आणि उन्हात चमकणारे केस, असं हे मांजर. या मांजरात रानटी रक्त आहे आणि त्याचं रूप त्या रक्तामुळेच आहे, असं विकणारा सांगतो आणि घेणाराही तसंच धरून चालतो.

ही समजूत कितपत खरी, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मांजराच्या रंगांमागची जनुकं एकेक करून हाती लागली. २०२४ मध्ये बेंगाल जातीचा आजवरचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून उभं राहणारं चित्र जुन्या समजुतीपेक्षा बरंच वेगळं आहे, आणि त्याचा धागा गावोगावच्या साध्या मांजरांपर्यंत पोचतो.

जात कशी घडली

बेंगालचा रानटी पूर्वज म्हणजे बिबट मांजर. आकार साधारण घरच्या मांजराएवढा, पाय जरा लांब, अंगावर गडद ठिपके, डोळ्यांच्या आतल्या बाजूंनी वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघा. रॉबर्ट केर यांनी १७९२ मध्ये बंगालमधल्या नमुन्यावरून त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि त्या नावातूनच पुढे जातीचं नाव आलं. घरचं मांजर आणि बिबट मांजर यांचे वंश सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. एवढ्या अंतरावरच्या दोन प्राण्यांना पिल्लं व्हावीत हेच नवल.

कॅलिफोर्नियातल्या जीन मिल यांनी १९६३ मध्ये असा पहिला संकर केला. तो पुढे गेला नाही. १९८० च्या सुमारास त्यांना विलर्ड सेंटरवॉल या संशोधकाकडून काही संकरित मांजरी मिळाल्या. बिबट मांजराला मांजरांचा रक्ताचा कर्करोग सहसा होत नाही, या निरीक्षणाचा माग काढण्यासाठी सेंटरवॉल यांनी हे संकर केले होते. संशोधनातून उरलेल्या या मांजरींपासून जात उभी राहिली. टिका या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८६ मध्ये तिची नोंद घेतली आणि १९९१ मध्ये तिला स्पर्धेत पूर्ण दर्जा दिला.

अडचण नरांची होती. पहिल्या दोन-तीन पिढ्यांचे बोके वांझ निघत. संकरात एकच लिंग वांझ निघालं तर ते बहुधा दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असणारं, म्हणजे मांजरांत नर, असतं, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्येच मांडला होता. संकरित मांजरींना त्यामुळे दर पिढीत घरगुती बोका लावावा लागला. प्रत्येक वेळी रानटी वाटा निम्म्यावर आला आणि बाहेरच्या घरगुती बोक्यांचे गुण जातीत ओतले गेले.

त्या बोक्यांपैकी एक भारतातला होता. १९८२ मध्ये जीन मिल दिल्लीला आल्या असताना तिथल्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात, त्यांना एक भटकं मांजर दिसलं. तांबूस-सोनेरी अंगावर गडद तपकिरी ठिपके होते आणि केसांना वेगळीच झळाळी होती. ते अमेरिकेला गेलं आणि 'मिलवुड टोरी ऑफ दिल्ली' या नावानं त्याची नोंद झाली. अनेक बेंगाल मांजरांच्या वंशावळीत मागे गेलं की हे नाव भेटतं. आपल्याकडच्या पिवळ्या बोक्यासारखं ते नव्हतं, हे त्याच्या वर्णनावरून कळतं. पिवळा रंग देणारं जनुक अंगावरचं सगळं काळं-तपकिरी रंगद्रव्य पिवळं करून टाकतं, ठिपक्यांना वगळत नाही. टोरीचे ठिपके गडद राहिले होते, म्हणजे त्याचा तांबूसपणा दुसऱ्याच वाटेनं आला होता.

एका केसात काय दिसतं

पुढची चर्चा कळण्यासाठी पट्टेरी मांजराच्या पाठीवरचा गळालेला एक केस उजेडासमोर धरून पाहावा. मुळाशी राखी, मग पिवळसर कडं, टोकाला काळं. केस वाढताना त्वचेतल्या रंगपेशी आधी काळं, मग पिवळं, मग पुन्हा काळं रंगद्रव्य बनवतात. पिवळ्याकडे वळण्याचा इशारा अगौटी नावाच्या जनुकाकडून येतो. पट्ट्यांच्या जागी हा इशारा दबतो, तिथले केस जवळजवळ पूर्ण काळे निघतात आणि पट्टा उठून दिसतो.

घरच्या मांजरात या जनुकातली डीएनएची फक्त दोन अक्षरं गळाली तर इशाराच बंद पडतो. तसं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर मांजर काळं होतं. २००३ मध्ये एदुआर्दो एझिरिक आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. पट्ट्यांचा आराखडा मात्र पुसला जात नाही. काळं पिल्लू तिरक्या उन्हात पाहिलं तर पट्टे अंधुक दिसतात. काळ्या बिबट्याचंही तसंच आहे. २०१८ मध्ये ताडोब्यात दिसलेल्या काळ्या बिबट्याची छायाचित्रं पुष्कळांनी पाहिली असतील. बिबट्यातला काळेपणा याच अगौटी जनुकातल्या, पण वेगळ्या ठिकाणच्या बिघाडानं येतो. अमेरिकेतल्या जग्वारचा काळेपणा दुसऱ्या जनुकातून येतो. रंग सारखा दिसला म्हणून कारण सारखं धरता येत नाही, हे मार्जारकुळात वारंवार आढळतं.

बेंगालमधल्या 'स्नो' म्हणजे फिक्या, हिमबिबट्यासारख्या दिसणाऱ्या मांजरांचं कोडं सर्वांत आधी सुटलं. रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या जनुकाची दोन कमजोर रूपं आहेत, एक सयामी मांजरांत आढळणारं आणि एक बर्मीजमध्ये. दोन्ही रूपं उष्णतेत ढिली पडतात. म्हणून अंग फिकं राहतं आणि कान, शेपूट, पंजे हे थंड भाग गडद होतात. सयामी रूप दुहेरी असेल तर एक छटा, बर्मीज दुहेरी असेल तर दुसरी, दोन्हींचं एकेक असेल तर मधली. ज्या मांजराला पाहून हिमबिबट्या आठवतो, त्याचा तो रंग सयामी-बर्मीज घरांतून आलेला आहे. त्यात रानटी असं काही नाही.

पट्टे, भोवरे, ठिपके

रंग एक गोष्ट, नक्षी दुसरी. घरच्या मांजरांत नक्षीचे मुख्य प्रकार तीन: उभे पट्टे, कुशीवर रुंद भोवरे, आणि जवळजवळ नक्षीच नसलेलं, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं अंग. बेंगालमध्ये भोवऱ्यांचा 'मार्बल' प्रकार चालतो, पण मान आहे तो ठिपक्यांना. ठिपक्याच्या आत फिकी, तांबूस जागा आणि भोवती गडद कडं असेल तर त्याला रोझेट म्हणतात.

२०१२ मध्ये ख्रिस्तोफर केलिन, ग्रेगरी बार्श आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की भोवरे टॅकपेप या जनुकातल्या बिघाडानं पडतात. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडानं आफ्रिकेतला 'किंग' चित्ता घडतो; त्याचे सुटे ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे होतात. २०२१ मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटानं ओडिशातल्या सिमिलिपालचे काळसर वाघ तपासले. त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत शिरलेले असतात. त्यामागेही टॅकपेपच निघालं. दारातलं भोवऱ्यांचं मांजर, किंग चित्ता आणि सिमिलिपालचा वाघ यांच्या कातडीवरच्या बदलाला एकच जनुक जबाबदार असावं, हे मला या सगळ्या शोधांतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

नक्षी ठरते कधी? केस उगवण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटात. नसबंदीच्या शस्त्रक्रियांत भटक्या मांजरींच्या पोटातले जे गर्भ टाकून दिले जातात, त्यांची त्वचा बार्श यांच्या गटानं तपासली. २०२१ मध्ये त्यांनी लिहिलं की रंगाचा मागमूसही नसताना त्या त्वचेत जाड-पातळ पट्टे तयार झालेले असतात. जाड पट्ट्यांत डीकेके-४ नावाचं जनुक काम करत असतं आणि पुढे काळा पट्टा तिथेच उमटतो. या जनुकात बदल झाला की अॅबिसिनियन मांजराचं मीठ-मिरी अंग मिळतं. अॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५२ मध्ये मांडलं होतं की एकमेकांना चेतवणारी आणि दाबणारी दोन रसायनं वेगवेगळ्या वेगानं पसरली तर सपाट पृष्ठभागावर आपोआप ठिपके-पट्टे पडतील. मांजराच्या गर्भात त्याच्याशी जुळणारी यंत्रणा सापडली.

पट्टे तुटून ठिपके का होतात, याचं उत्तर मात्र या दोन जनुकांत नाही. २०१० मधल्या एझिरिक यांच्या कामातून दिसलं होतं की ठिपके एकाच जनुकानं ठरत नाहीत. पट्ट्यांच्या मूळ आराखड्यावर इतर जनुकं काम करतात आणि पट्टा तुटतो. ती जनुकं किती आणि कोणती, हा प्रश्न तिथेच अडून राहिला.

९४७ मांजरांचा हिशेब

२०२४ मध्ये केलिन, बार्श आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'करंट बायॉलॉजी'मध्ये आला. ९४७ मांजरांचे जनुकसंच त्यात वाचले होते. वंशावळीवरून बेंगालमध्ये बिबट मांजराचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास अपेक्षित होता. सरासरी निघाली ३.४८ टक्के. हा वाटा एका जागी साचलेलाही नव्हता. वेगवेगळ्या मांजरांत वेगवेगळे तुकडे होते आणि सगळ्या जातीचे एकत्र धरले तर जनुकसंचाचा ९३ टक्के भाग व्यापला जात होता.

पैदास करणाऱ्यांनी देखणं रूप पिढ्यान्‌पिढ्या निवडलं आणि ते रूप रानटी जनुकांतून आलं असेल, तर ठरावीक रानटी तुकडे जवळजवळ प्रत्येक बेंगालमध्ये दिसायला हवेत. तसं आढळलं नाही. जिथे निवडीची ठळक खूण होती तिथे बहुतेक ठिकाणी घरगुती मांजराचंच जनुकरूप होतं. केसांची झळाळी, जिला पैदासकार 'ग्लिटर' म्हणतात, त्याचं नेमकं उदाहरण आहे. एफजीएफआर-२ या जनुकाचं काम मंदावलं की केसाची घडण बदलते आणि त्यावरून उजेड वेगळा परततो. बिबट मांजराचा यात हात नाही. ही झळाळी टोरीबरोबर दिल्लीहून आली असं पैदासकार पूर्वीपासून सांगत आले आहेत. ती घरगुती वंशातून आली, एवढ्या भागाला या अभ्यासानं आधार दिला.

दोन गुणांत मात्र रानटी वाटा स्पष्ट निघाला. एक म्हणजे पिवळ्या रंगद्रव्याचा गडद-फिकेपणा, दुसरा 'चारकोल'. चारकोल मांजराच्या तोंडावर काळसर मुखवटा असतो आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर गडद पट्टा उतरतो. २०१४ मध्येच दिसलं होतं की अशा मांजरात अगौटी जनुकाची एक प्रत बिबट मांजराची आणि दुसरी काळ्या घरगुती मांजराची असते. नव्या अभ्यासानं कारणही सांगितलं: बिबट मांजराचं अगौटी जनुक घरगुती मांजराच्या शरीरात कमी जोमानं चालतं. ज्या बिबट मांजरापासून ते जनुक आलं ते स्वतः चारकोल दिसत नाही. ६० लाख वर्षं वेगळे राहिलेले दोन जनुकसंच एकत्र आले, त्यांचं नीट जुळलं नाही, त्यातून हा रंग निघाला. रानात तो कुठेच नव्हता.

मतं कुठे वेगळी होतात

जुनी बाजू पैदासकारांची. पहिल्या पिढ्यांची मांजरं ज्यांनी हाताळली त्यांचं म्हणणं असं की ठिपक्यांची आडवी मांडणी, पोटाचा पांढरेपणा, डोक्याची ठेवण यांत रानटी छाप स्पष्ट दिसते आणि पिढ्या वाढतात तशी ती विरते. म्हणून अधूनमधून बिबट मांजराचं रक्त पुन्हा आणायला हवं. हे म्हणणं सरळ बाजूला सारता येत नाही. निवडीची खूण शोधण्याची पद्धत मोठा परिणाम करणाऱ्या मोजक्या जनुकांना पकडते. पन्नास जनुकांनी मिळून थोडाथोडा हातभार लावलेला गुण तिच्यातून निसटू शकतो. रानटी तुकडे जातीत इतके पसरलेले असताना त्यांचा मिळून काहीच परिणाम नाही, असं या अभ्यासाच्या लेखकांनीही म्हटलेलं नाही.

दुसरी बाजू जनुकशास्त्रज्ञांची. घरच्या मांजरांतच नक्षीची एवढी विविधता दडलेली आहे की नेटानं निवड केली तर तिच्यातूनच रोझेट घडतात, आणि हाती आलेला पुरावा त्याच दिशेचा आहे. मला ही बाजू जास्त पटते. स्नो, ग्लिटर, मार्बल यांपैकी एकाचंही मूळ रानात सापडलेलं नाही, आणि जे दोन गुण रानातून आले त्यांतला चारकोल तर रानटी रूपाची नक्कलही नाही.

तिसरी बाजू वन्यजीव आणि पशुवैद्यक क्षेत्रातल्या लोकांची. रूप जर घरगुती जनुकांतून मिळतं, तर नव्या संकरासाठी रानटी प्राणी पिंजऱ्यात ठेवायचं कारण काय, असा त्यांचा सवाल आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइटिस करार संकराच्या पहिल्या चार पिढ्यांना मूळ रानटी प्राण्याचेच नियम लावतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. पशुवैद्यांची काळजी वेगळी. मोजक्या मांजरांपासून वाढवलेल्या जातीत दोषही साठतात. तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होणं आणि दृष्टिपटल झिजून अंधत्व येणं, हे दोन आनुवंशिक आजार बेंगालमध्ये ओळखले गेले आहेत. दोन्हींसाठी जनुकीय चाचणी आहे.

आपल्या भागातलं रानटी रक्त

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. बिबट मांजर सह्याद्रीत आहे, हिमालयाच्या पायथ्याशी आहे, ईशान्येत आहे. मध्य भारताच्या तापट, कोरड्या पट्ट्यात त्याच्या वावरात खंड पडतो. शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रानमांजर आणि बिबट मांजर यांची जनुकीय तुलना केली. उन्हाचा चटका बिबट मांजराला अडवतो आणि उत्तर-दक्षिणेची बिबट मांजरं जनुकांनीही वेगळी पडली आहेत, असं त्यांना आढळलं. रानमांजराला तो अडसर नाही.

विदर्भाच्या कोरड्या रानात आणि शेतशिवारात ठिपक्यांचं लहान रानटी मांजर दिसलं तर ते बिबट मांजर असण्यापेक्षा वाघाटी असण्याची शक्यता जास्त. वाघाटी बिबट मांजराच्या जवळच्या नात्यातली, वजनानं दीड किलोच्या आसपास, जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात. जुन्नर भागात ऊसतोडीत तिची पिल्लं सापडतात आणि माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्राच्या मदतीनं वन विभाग ती पुन्हा आईकडे पोचवतो. तीही पहिल्या अनुसूचीत आहे. ठिपके पाहून एखाद्याला ते महागड्या मांजराचं पिल्लू वाटलं आणि त्यानं घरी नेलं, तर पिल्लू आईला दुरावतं आणि नेणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. पिल्लू जागेवर ठेवून वन विभागाला कळवावं. आई बहुधा रात्री येऊन ते उचलते.

काय बाकी आहे

रोझेटमागची जनुकं हा उरलेला सर्वांत मोठा प्रश्न. २०२४ च्या अभ्यासात निवडीच्या खुणा असलेले आणखी काही भाग सापडले. त्यांत नक्षीशी संबंध असू शकेल अशी जनुकं आहेत, पण झळाळीचं कारण जसं शेवटपर्यंत नेऊन दाखवलं, तसं त्यांचं झालेलं नाही. पिवळ्या रंगाचं कोडं मात्र २०२५ मध्ये सुटलं. एआरएचजीएपी-३६ या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाजवळ सुमारे ५,१०० अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. क्युशू विद्यापीठातला गट आणि केलिन-बार्श यांचा गट, दोघेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले.

दुसरी उणीव भारतीय मांजरांच्या नोंदींची आहे. दिल्लीच्या एका भटक्या बोक्यानं जगप्रसिद्ध जातीला हातभार लावला, तर इथल्या कोट्यवधी मांजरांत आणखी काय आहे हे पाहायला हवं. देशी मांजरांसाठी 'इंडीमाऊ' हे नाव मांजरप्रेमींच्या क्लबांनी पुढे आणलं आहे. नावाला जनुकांच्या नोंदींची जोड मिळाली तर त्याला वजन येईल. सुरुवातीला प्रयोगशाळाही लागत नाही. ए. जी. सर्ल यांनी १९४९ मध्ये लंडनच्या मांजरांचे रंग मोजून जनुकांचं प्रमाण काढलं होतं. नील टॉड यांनी पुढे अनेक देशांच्या अशा मोजण्या एकत्र करून मांजरं व्यापाराच्या वाटांनी कशी पसरली हे मांडलं.

पिंपळगाव राजासारख्या गावात हे काम शाळेतली मुलंही करू शकतील. पिवळं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं बोक्यात त्याची एकच प्रत असते. शंभर बोक्यांत वीस पिवळे निघाले तर जनुकाचं प्रमाण २० टक्के. मग शंभर मांजरींत चार पूर्ण पिवळ्या आणि बत्तीस काबऱ्या अपेक्षित आहेत. मोजणी यापासून फार दूर गेली तर लोक ठरावीक रंगाची पिल्लं ठेवून बाकीची सोडून देतात का, हे विचारावं लागेल. भोवऱ्यांचं रूप दोन्ही प्रती तशा असतील तरच दिसतं. शंभरात एक मांजर भोवऱ्यांचं असेल तर जनुकाचं प्रमाण १० टक्के आणि ते न दाखवता वाहणारी मांजरं अठरा. ही मोजणी करताना काळी मांजरं बाजूला ठेवावी लागतात, कारण त्यांची नक्षी झाकलेली असते. ठिपक्यांच्या मांजरांचा मात्र असा हिशेब मांडता येत नाही. त्यांची वेगळी नोंद ठेवून, मालकाच्या परवानगीनं गळालेले केस जपावेत, म्हणजे रोझेटची जनुकं हाती लागतील तेव्हा ती इथल्या मांजरांत आहेत का हे ताडून पाहता येईल.